साप चावल्यावर हातपाय का सडतो, आणि तो वाचवायचा कसा

आमच्या कराड-पाटण भागात जुनी माणसं 'साप चावला' असं सहसा म्हणत नाहीत. 'पान लागलं' म्हणतात. मी सर्जिकल वॉर्डात परिचारिका म्हणून तीस वर्षं काढली. मिरग बरसला की पान लागलेली माणसं यायला लागायची. भाताच्या खाचरात उतरलेली बाई, रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजायला गेलेला गडी, कडब्याच्या गंजीत हात घातलेलं पोर. जीव वाचला की घरचे देवाला नारळ फोडायचे. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्रेसिंग सोडलं की पायाचं कातडं काळं, ओलसर, वास मारणारं. सोबतचा माणूस विचारायचा, "सिस्टर, सापाचं इंजेक्शन तर दिलं ना? मग हे का सडतंय?"

ड्रेसिंगच्या गडबडीत या प्रश्नाचं पुरं उत्तर देणं कधी जमलं नाही. ते इथे देते, आणि पहिल्या मिनिटापासून काय करायचं तेही सांगते. कारण मी जी बोटं आणि पावलं जाताना पाहिली, त्यातली पुष्कळ एकट्या विषानं गेली नव्हती. विषाला कुठे आवळलेली सुतळी सामील होती, कुठे ब्लेडची चीर, कुठे देवऋष्याकडे बसून घालवलेले चार तास.

कोणता साप मांसाला धरतो

सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत जिवाला धोका असलेले साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. उसाच्या पट्ट्यात उंदीर पुष्कळ, म्हणून तिथे घोणसही असते. माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या खडकाळ माळावर दगडाखाली फुरसं. नाग सगळीकडे, बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे त्याची ओळख कुणाला करून द्यायला नको. कोयना-महाबळेश्वरच्या जंगलात आणखी एक, हिरवा चापडा.

जागेवरच्या मांसाची सगळ्यात जास्त नासाडी घोणस आणि नाग करतात. फुरशानंही सूज आणि फोड येतात, पण त्याचा मोठा घाव रक्त न गोठण्याचा. चापड्यानं जीव क्वचितच जातो. मात्र हात कोपरापर्यंत सुजून ठणकतो आणि कातडं काळं पडू शकतं. आपल्याकडची लस, म्हणजे सापाचं इंजेक्शन, वर सांगितलेल्या चारच सापांच्या विषावर बनते, चापड्याच्या विषावर ती लागू पडत नाही. म्हणून 'झाडावरचा हिरवा साप होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

मण्यारीचं वेगळं सांगते, कारण इथे माणसं फसतात. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग जीभ अडखळते आणि श्वास बंद पडतो. सूज नाही म्हणजे विष नाही, हा हिशेब कधीही करू नका. या लेखात मी सुजेबद्दल बरंच लिहिणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

आत काय चालतं

सापाचं विष ही त्याची पाचक लाळच म्हणायची. भक्ष्य मारायचं आणि आतून पचवायलाही लागायचं, अशी दोन्ही कामं त्यात आहेत. त्यात अनेक प्रकारची प्रथिनं असतात आणि मांस मारण्याचं काम त्यातली थोडी करतात.

आपल्या पेशींच्या मधली जागा एका चिकट, जेलीसारख्या पदार्थानं भरलेली असते. हायल्युरोनिडेज नावाचं विकर तो पदार्थ पातळ करतं आणि बाकीच्या विषाला वाट मोकळी होते. मग मेटॅलोप्रोटीनेज. घोणस आणि फुरशाच्या विषात हे असतं. आपल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून एक पातळ अस्तर असतं. हे विकर ते अस्तर तोडतं. ठिबकची नळी उंदरानं जागोजागी कुरतडावी तशी त्या वाहिनीची गत होते. रक्त आणि रक्तातलं पाणी मांसात झिरपतं: हीच सूज, हाच काळानिळा रंग. कातड्याचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणारा भागही यातच सुटतो, दोन्हींच्या मध्ये पाणी साचतं आणि रक्ताळलेले मोठे फोड येतात.

तिसरं फॉस्फोलिपेज ए-२. हे स्नायूच्या पेशीचं आवरण फोडतं. आवरण फुटलं की बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते. नागाच्या विषात याच्या जोडीला सायटोटॉक्सिन नावाची लहान प्रथिनं असतात, ती आवरणावर थेट हल्ला करतात. म्हणून नागाच्या चाव्याचं चित्र वेगळं दिसतं. चाव्याभोवतीचा भाग आधी राखाडी-जांभळा होतो, कधी मध्ये फिकट. दोन-तीन दिवसांत तो काळा पडतो आणि कुजका वास येतो. कधीकधी मध्ये चांगलं कातडं आणि पुढे पुन्हा काळा डाग, असंही होतं. घरच्यांना वाटतं नवीन ठिकाणी काहीतरी झालं. नवीन काही नसतं, कातड्याखालून सरकलेल्या त्याच विषाचं ते काम असतं.

हे सगळं चाव्यापासून मिनिटांत सुरू होतं. त्यावर पुढचं ओझं पडतं: साचलेलं पाणी लहान वाहिन्या दाबतं, काही वाहिन्यांत गुठळ्या होतात, त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. विषानं न मेलेलं मांस उपासमारीनं मरतं. आणि मेलेल्या मांसात जंतू घर करतात.

आता त्या प्रश्नाचं उत्तर, इंजेक्शन देऊनही का सडतं. सापाची लस घोड्याच्या रक्तातून बनते. घोड्याला थोडंथोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. मुंबईत परळला हाफकिनमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. रक्तात फिरणारं विष ही प्रतिद्रव्यं फार चांगलं पकडतात. मेलेली पेशी मात्र ती जिवंत करू शकत नाहीत. शिवाय ती आकारानं मोठी; सुजलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या मांसात ती उशिरा आणि थोडी पोचतात, तोवर विषाचं काम उरकलेलं असतं. मग लस द्यायची कशाला? रक्तस्राव थांबवायला, मूत्रपिंड आणि श्वास वाचवायला, आणि चाव्याच्या जागी साठलेलं विष तासन्‌तास शरीरात उतरत असतं त्याला अडवायला. लस लवकर मिळाली तर पसरणारी सूज आटोक्यात राहते. उशिरा मिळाली तर माणूस वाचतो आणि पावलाचा तुकडा जातो.

पहिली पाच मिनिटं

सापापासून दूर व्हा. त्याला शोधत बसू नका, मारून पिशवीत घालून आणू नका; तोडलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. लस चौघांची एकच असल्यामुळे साप ओळखला नाही म्हणून उपचार अडत नाही. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक.

जखमीला तिथेच खाली बसवा किंवा आडवं करा. त्यानं चालायचं नाही, पळायचं तर नाहीच. स्नायू हलला की विष पुढे ढकललं जातं.

मग लगेच, सूज यायच्या आधी, हातापायावरचं सगळं उतरवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण, जोडवी, मासोळ्या, हातातला दोरा, घट्ट बाही, बूट. हे वाचायला किरकोळ वाटेल. पायाच्या बोटाला घोणस चावलेली एक बाई मी पाहिली आहे. घरच्यांनी बाकी सगळं बरोबर केलं होतं, गाडीही लवकर मिळाली होती. जोडवी सौभाग्याची म्हणून कुणी हात लावला नाही. वॉर्डात आली तेव्हा जोडवं सुजेत इतकं रुतलं होतं की कापून काढावं लागलं, आणि त्याच्या पुढचं बोट पांढरं पडलं होतं. ते बोट गेलं. सासूबाई रडत होत्या. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरात हे आजच सांगून ठेवा. बांगड्या, जोडवी नंतर पुन्हा घालता येतात.

चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा सांभाळा. बांबूची कांब, फळी, जाड पुठ्ठा, काहीही आधार लावून ओढणीनं सैल बांधा. गाठीखालून बोट सहज जायला हवं. अवयव लोंबकळू देऊ नका, सपाट ठेवा.

जखमेला हात लावू नका. चीर नको, चोखणं नको, चोळून धुणं नको, बर्फ नको, चटका नको, चुना-हळद-पाला नको. चीर मारली की दोन गोष्टी होतात: घोणस-फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं झालेलं असतं, त्यामुळे ती चीर तासन्‌तास वाहते, आणि अर्धमेल्या मांसात जंतूंना दार उघडं मिळतं.

आणि दोरी. हात जोडून सांगते, आवळून बांधू नका. बांधण्यामागचा विचार साधा असतो, विष वर चढू नये. पण घोणस आणि नागाचं विष एका जागी कोंडलं तर त्याच जागेचं मांस जास्त मारतं. त्यात दोरीनं रक्तही तोडलं. बारा वर्षांचं एक पोर मनगटाला सुतळीच्या तीन वेढ्यांनी बांधून आलं होतं, बांधून पाच तास झाले होते. सुतळीच्या खाली आणि वरती दोन वेगळ्या माणसांचे हात असावेत असं दिसत होतं. ऑस्ट्रेलियात मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या सापांसाठी पूर्ण अवयवाला क्रेप बँडेज गुंडाळण्याची पद्धत आहे. ती बघून कुणी घोणशीच्या चाव्याला करायला जाऊ नये, कारण हेच.

कुणी आधीच आवळून बांधलं असेल तर घरी किंवा वाटेत एकदम सोडू नका. अडलेलं विष एकाच वेळी रक्तात उतरून श्वास किंवा रक्तदाब कोसळू शकतो. ते दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, शिरेत सुई असताना सोडायचं.

वाटेत

१०८ ला फोन करा. वस्तीवर गाडी पोचायला वेळ लागणार असेल तर वाट बघत बसू नका. जीप नसेल तर मोटारसायकल चालते: पुढे चालवणारा, मध्ये जखमी, मागे त्याला धरून बसणारा. निघतानाच जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फोन करून लस आणि डॉक्टर आहेत का विचारा. कराड, सातारा, सांगली, मिरज इथली मोठी रुग्णालयं श्वासाच्या यंत्रासाठी आणि डायलिसिससाठी लागतात, पण लसीचा पहिला डोस जवळ मिळत असेल तर तो घेऊनच पुढे जा.

खिशात पेन असतो, त्याचा उपयोग करा. सूज जिथवर आली आहे तिथे कातड्यावर रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. दर अर्ध्या तासानं नवी रेघ. माझ्या मते घरच्यांनी डॉक्टरांना द्यावी अशी याहून मोलाची माहिती नाही. '७:१० ला घोटा, ७:४० ला पोटरीचा मध्य' हे बघितल्यावर वेग लगेच कळतो, प्रश्न विचारत बसावं लागत नाही.

उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. दुखण्यासाठी डिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यातलं काही देऊ नका. रक्तस्राव वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. गावातल्या दवाखान्यात कमरेत दुखण्याचं इंजेक्शनही घेऊ नका. रक्त गोठत नसेल तर सुईच्या जागी आत रक्ताची गाठ होते. पॅरासिटामॉल चालतं.

दवाखान्यात काय होणार, आणि तुम्ही काय बघायचं

पोचल्यावर बहुधा एक साधी तपासणी होते. शिरेतलं दोनेक मिली रक्त कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषानं गोठण्याची यंत्रणा बिघडवलेली आहे. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणानं धुतलेली असेल तर निकाल चुकतो. ती नळी कुणी उचलून बघायला लागलं तर थांबवा, पूर्ण २० मिनिटं जाऊ द्या.

लस प्रत्येक चाव्याला देत नाहीत. काही वेळा साप चावतो पण विष सोडत नाही. रक्त गोठत नसेल, पापण्या पडत असतील, किंवा जागेवरची सूज जोरात पसरत असेल तर देतात. सुजेसाठी डॉक्टर बघतात ते असं: चाव्यानंतर काही तासांतच सूज मनगट किंवा घोटा ओलांडून वर जाते आहे का, अर्ध्याहून जास्त अवयव सुजला आहे का, काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ आली आहे का. आपण त्याला अवधाण आलं म्हणतो. विष लसिकावाहिन्यांतून वर सरकल्याची ती खूण आहे, म्हणून अवधाण दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगा.

सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या शिरेतून देतात. लहान मुलालाही मोठ्याइतकीच, कारण सापानं पोराला बघून कमी विष सोडलेलं नसतं. चाव्याच्या जागी लस टोचून घेण्याचा आग्रह धरू नका; त्यानं फायदा होत नाही, फुगलेल्या बोटात आणखी पाणी भरलं जातं. लस चालू असताना अंगावर गांधी उठली, खाज, थंडी, धाप लागली तर लगेच हाक मारा. त्यावर अ‍ॅड्रिनॅलिन देतात आणि लस पुन्हा सुरू करता येते.

पाय खांबासारखा फुगला की नातेवाईक म्हणतात, "चिरा मारून ताण मोकळा करा." हे मी शेकडो वेळा ऐकलं असेल. स्नायू ज्या कप्प्यांत असतात तिथला दाब खरंच फार वाढला तर चीर लागते. पण सर्पदंशात सूज बहुतेक वेळा कातड्याखालची असते आणि आतला दाब तेवढा नसतो. सुईनं तो मोजता येतो. ४० मिलिमीटर पाऱ्याच्या वर असेल, आणि लस देऊन रक्त गोठायला लागलेलं असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात. रक्त गोठत नसताना लांब चीर मारणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टर नाही म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत. तुम्ही लक्ष कशावर ठेवायचं तर बोटं गार पडणं, पांढरी होणं, मुंग्या येऊन बधिर होणं, आणि कुणी बोट हळूच ताणलं की किंचाळण्याइतकी कळ येणं. यातलं काही दिसलं तर रात्री दोनलाही सिस्टरना उठवा.

फोड फोडू नका. त्यांचं कातडं हीच त्या दिवसांतली सगळ्यात चांगली पट्टी असते. फार ताणलेला फोड डॉक्टर निर्जंतुक सुईनं रिकामा करतील. धनुर्वाताचं इंजेक्शन रक्त गोठायला लागल्यावर मिळतं. लघवी किती होते ते मापात मोजा. कमी झाली किंवा चहासारखी काळपट झाली तर तेव्हाच सांगा, घोणस मूत्रपिंड बंद पाडते.

तिसऱ्या दिवसापासून

सूज दोन-तीन दिवस वाढू शकते, मग उतरते. त्यानंतर मेलेल्या आणि जिवंत कातड्यामधली सीमा दिसू लागते. सीमा स्पष्ट होईपर्यंत सर्जन थांबतात. घाई केली तर वाचू शकणारं मांसही कापलं जातं. मेलेलं काढणं मात्र भागच असतं. ते राहिलं तर खाली पू होतो. हे काम एका दमात उरकत नाही, दोन-तीन वेळा थिएटरमध्ये न्यावं लागतं. खालून लालबुंद, दाणेदार, हात लावताच रक्त येणारं मांस आलं की आम्हाला आनंद व्हायचा आणि नातेवाईक घाबरायचे. ते जिवंत मांस असतं. जखम मोठी असेल तर त्यावर मांडीचं कातडं लावतात.

या दिवसांत रुग्णाला प्रथिनं लागतात: अंडी, डाळी, दूध, मटकी, शेंगदाणे, खात असतील त्यांना मासे. 'विष अंगात आहे, पथ्य पाळा' म्हणून नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नव्हत्या.

दुखणं कमी झालं की सांधे हलवायला सुरुवात. फिजिओथेरपिस्ट सांगतील तसं, रोज, रडत का होईना. बोटं मुठीत आखडली की विळा धरता येत नाही, घोटा आखडला की सरीतून चालता येत नाही.

घरी गेल्यावर

लस घेतल्यापासून पाच ते दहा दिवसांनी, कधी थोडं पुढे-मागे, ताप, सांधेदुखी, अंगावर चट्टे येऊ शकतात. साप पुन्हा अंगात आलेला नसतो. घोड्याच्या प्रथिनांवरची ती प्रतिक्रिया असते आणि तिच्यावर औषध आहे. दवाखान्यात दाखवा.

शेतकरी कुटुंबातल्या १० ते ७५ वयाच्या माणसाचा हात किंवा पाय कायमचा निकामी झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश बसतो. एका अवयवासाठी १ लाख, दोन अवयवांसाठी किंवा मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. म्हणून डिस्चार्जचे कागद, सातबारा, वयाचा पुरावा पहिल्याच आठवड्यात एका पिशवीत घाला.

लावलेल्या कातड्याला घाम येत नाही, तेलकटपणा नसतो, ते उन्हात भेगाळतं. दिवसातून दोनदा खोबरेल तेल हलक्या हातानं लावा, निदान सहा महिने. पायाला असेल तर अनवाणी रानात जाऊ नका. बधिर जागेला काटा लागलेला कळत नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या, एक माप मोठे, आत मऊ मोजा घालायला जागा हवी. घालण्याआधी उलटे करून झटका. आणि तीच जखम महिन्यांनी, वर्षांनी फुटून बरी होईना, कडा जाड आणि टणक झाल्या, तर मलमं बदलत बसू नका, सर्जनना दाखवून तुकडा तपासून घ्या.